मुळाच्या टोकाशी कोण कुणाचं ऐकतं

"बुरशी आलीय याला, टाकून दे," म्हणत मैत्रिणीने ताटली माझ्याकडे सरकवली. ताटलीत ओला टिपकागद होता आणि त्यावर मी पसरलेले मोहरीचे दाणे. काहीतरी उगवताना बघावं, एवढ्याच हेतूने ठेवलेले. दाण्यांची सालं उकलली होती, त्यातून बारीक मुळं निघून कागदावर वाट काढत गेली होती आणि प्रत्येक मुळाच्या मधल्या भागावर पांढरी, धूसर लव उभी होती. बुरशी अशीच दिसते, त्यामुळे तिचं काही चुकलं नव्हतं. मी पाण्याचा फवारा मारला. बुरशी असती तर फवारा झेलूनही दिसत राहिली असती. ही लव मात्र क्षणात मुळाला चिकटून नाहीशी झाली आणि कागदावर नुसती गुळगुळीत मुळं उरली. "केस आहेत ते, मुळाचे," मी म्हणाले. तिने भिंग मागून घेतलं, फवारा न बसलेलं एक मूळ शोधलं, बराच वेळ त्यावर वाकून राहिली आणि मग दोन प्रश्न विचारले. टोकाला केस का नाहीत? आणि जिथे आहेत तिथे सरसकट का नाहीत, मधल्या जागा मोकळ्या का?

पहिला प्रश्न सोपा होता. दुसऱ्याने माझी पाठ सोडलेली नाही.

मूळ टोकाकडून मागे मागे बघत जावं. अगदी टोकाला मूलटोप, त्याच्या आत नव्या पेशी तयार होण्याची जागा, तिच्या मागे पेशी लांब होत जाण्याचा पट्टा आणि त्याहीमागे लांब होणं थांबलेल्या, आपापल्या कामाला लागलेल्या पेशी. अंतर म्हणजेच वय. टोकाजवळची पेशी काही तासांपूर्वी जन्मलेली असते, मागची त्याहून आधीची. लांबणाऱ्या भागावर केस उगवले असते तर मूळ मातीत घुसताना ते खरवडून निघाले असते. म्हणून पेशीचं लांबणं थांबतं तेव्हाच तिच्यातून केस डोकावतो. भिंगातून हा क्रम नीट दिसतो. आधी काहीच नाही, मग जेमतेम उठलेले फुगवटे, मग खुंट, मग पूर्ण वाढलेली लव आणि बियाजवळ कोमेजायला लागलेली. एक केस म्हणजे एकच पेशी. तिनेच आपल्या अंगातून बाहेर काढलेली एक लांब नळी, जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास आणि लांबी कधी कधी मिलिमीटरभर. मातीतला फॉस्फेट जागचा फारसा हलत नाही, त्याला जाऊन गाठावं लागतं. ते काम या नळ्या करतात. मोहरीच्या कुळातल्या बहुतेक झाडांच्या मुळांशी मदतनीस बुरशीही नसते, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त केसांवरच. फॉस्फेट कमी पडला की केस लांब आणि दाट होतात.

दुसऱ्या प्रश्नासाठी मोहरीच्याच कुळातल्या एका क्षुल्लक तणाकडे जावं लागतं. ॲराबिडॉप्सिस थॅलियाना. वीतभर उंची, खायला निरुपयोगी, बघायलाही काही खास नाही. पण वनस्पतिशास्त्राने जीव लावला तो याच्यावर. २००० साली सगळ्या वनस्पतींमध्ये पहिल्यांदा याचाच जनुकसंच पूर्ण वाचून झाला. याचं मूळ आडवं कापलं तर दिसणारी रचना इतकी काटेकोर असते की नैसर्गिक गोष्टीबद्दल संशय यावा. बाहेर त्वचेच्या पेशींचं एक कडं, त्याच्या आत आठ पेशींचं दुसरं कडं, मग आणखी आतली. बाहेरच्या कड्यातली जी पेशी आतल्या दोन पेशींच्या सांध्यावर बसलेली असते, तिला केस येतो. जी आतल्या एकाच पेशीच्या पाठीवर बसलेली असते, तिला येत नाही. आत आठ पेशी, म्हणजे आठ सांधे, म्हणजे मुळाच्या लांबीभर केसाळ पेशींच्या आठ रांगा आणि त्यांच्या मधे बिनकेसांच्या. मैत्रिणीला भिंगात दिसलेल्या मोकळ्या जागा याच.

म्हणजे नशीब बसण्याच्या जागेवर ठरतं. दोघी शेजारणी एकाच घडणीच्या, दोघींच्या केंद्रकात तोच जनुकसंच, आणि एकीला केस येणार की नाही ते ती कुठे टेकलीय यावरून ठरणार. हे कळल्यावर मला कॉलेजातलं कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल आठवलं. मुळाची टोकं कापायची, पातळ आम्लात कोमट करून मऊ करायची, ॲसिटोकार्माइनच्या किरमिजी थेंबात बुडवायची. व्हिनेगरचा तो झणझणीत वास बोटांना दिवसभर राहायचा. मग काच ठेवून वर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ दाब. अंगठा जरा सरकला की स्लाइड वाया. "फक्त टोक घ्या, मागचं नको," असं दर वेळी बजावलं जायचं, कारण विभागणाऱ्या पेशी तिथेच. मग सूक्ष्मदर्शकाखाली विखुरलेल्या पेशींमध्ये गुणसूत्रांचे ते सुंदर काळपट-लाल जुडगे शोधायचे, सोळा आहेत का मोजायचे, चित्र काढायचं, सही घ्यायची. गुणसूत्रं बघायला ती पद्धत उत्तमच आहे. पण आपण त्या अंगठ्याखाली नेमकं काय चिरडत होतो, हे आता लक्षात येतं. कोण कोणाच्या शेजारी होतं, कोण सांध्यावर आणि कोण पाठीवर, हा सगळा हिशेब पहिल्या दाबालाच पुसला जायचा. पेशीच्या आत जे होतं ते सगळं शाबूत, आणि ती कोण होणार हे सांगणारी गोष्ट गायब.

त्या हिशेबाची सगळ्यात धीट तपासणी नेदरलँड्समधल्या युट्रेख्त विद्यापीठात झाली. बेन स्खेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली लेझरच्या अतिसूक्ष्म झोताने जिवंत मुळातल्या एकेक पेशी निवडून मारल्या आणि शेजारी काय करतात ते बघत राहिले. मेलेली पेशी चेपली जायची आणि आतल्या थरातली पेशी त्या रिकाम्या जागेत घुसायची. तिथे पोचल्यावर ती आपलं आधीचं कुळ सोडून द्यायची आणि मेलेल्या पेशीचं काम करू लागायची, जणू तिथलीच. आईबाप कोण हा मुद्दाच नव्हता. याहून मला आवडतो तो त्याच शोधनिबंधातला दुसरा भाग. वरच्या, वयाने मोठ्या झालेल्या पेशी मारल्या तर खालची तरुण मूळपेशी, म्हणजे विभागत राहून नव्या पेशी देत राहणारी पेशी, गोंधळायची, नेहमीसारखी विभागायची नाही. आतापर्यंत आपण समजत होतो की टोकाशी बसलेल्या मूळपेशी मागच्यांना घडवत जातात. इथे उलटंही होतं. आधी घडलेल्या पेशी मागाहून येणाऱ्यांना सांगत होत्या की आपल्या रांगेत काय चालतं.

आता, "सांगणं" म्हणजे काय आणि "ऐकणं" म्हणजे काय, हा प्रश्न राहतोच. ऐकलेलं पेशी ठेवते कुठे?

ॲराबिडॉप्सिसच्या जनुकसंचाची एक प्रत सुमारे साडेतेरा कोटी अक्षरांची आहे. ताणून सरळ केली तर साडेचार सेंटिमीटरच्या आसपास भरेल, आणि ती मावते ती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढ्या केंद्रकात, तीही एक नाही, दोन प्रती. त्यासाठी धागा रिळावर गुंडाळावा तसा डीएनए हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. आठ हिस्टोनांचं एक रीळ, त्याभोवती १४७ अक्षरांचा वेढा, मग पुढचं रीळ. वेढा सैल असेल तर तिथलं जनुक वाचता येतं, घट्ट असेल तर वाचणारी यंत्रणा आत शिरू शकत नाही. सैल की घट्ट, हे हिस्टोनांच्या बाहेर आलेल्या शेपट्यांवरच्या रासायनिक खुणांवर बरंचसं ठरतं. ॲसिटिल गट लागले की सैल. काही ठरावीक जागी मेथिल गट लागले की बंद. खुद्द डीएनएच्या अक्षरांवरही मेथिल गट बसतात. अक्षरं तीच राहतात, मजकूर बदलत नाही, पण कोणतं पान कुठे उघडणार ते बदलतं. एपिजेनेटिक्स म्हणतात ते मुख्यतः हेच. हा शब्द ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ साली वापरात आणला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आनुवंशिकतेचं द्रव्य डीएनएच, हेसुद्धा तेव्हा सिद्ध व्हायचं होतं.

केसांच्या बाबतीत ज्या जनुकाभोवती सगळं फिरतं त्याचं नाव ग्लॅब्रा-२. हे चालू असेल तर केस येत नाही. ते बिघडलं तर त्वचेच्या जवळपास सगळ्याच पेशी केस काढतात. म्हणजे केस येणं ही अडवणूक नसतानाची गत आहे आणि गुळगुळीत राहण्यासाठी सतत काहीतरी करावं लागतं. मी तोवर नेमकं उलटं समजून चालले होते, बहुतेक जण तसंच समजतील. गंमत म्हणजे पानावर याच जनुकाचं काम विरुद्ध आहे, तिथे लव यायला तेच लागतं. ग्लॅब्रा-२ चालू करायला आणखी एक जनुक लागतं. ते बिघडलं की मुळं भयंकर केसाळ होतात, म्हणून १९९९ साली त्याला वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, असं नाव मिळालं. वनस्पतीच्या जनुकांना नावं ठेवणाऱ्या लोकांबद्दल मला कायम आपुलकी वाटत आलीय.

आणि कॅप्रिस. हे माझं सगळ्यात लाडकं. हे प्रथिन तयार होतं बिनकेसांच्या पेशीत, वेअरवुल्फच्याच सांगण्यावरून. पण तिथे त्याचं काही चालत नाही. पेशींच्या भिंतींमध्ये बारीक वाटा असतात, त्यांतून ते शेजारच्या, सांध्यावर बसलेल्या पेशीत जातं आणि तिथे वेअरवुल्फची जागा अडवून बसतं. वेअरवुल्फ अडला की ग्लॅब्रा-२ बंद, ग्लॅब्रा-२ बंद की केस. जिला स्वतःला केस येणार नाही, तीच शेजारणीला केस यावा याची व्यवस्था करते. दोघी एकमेकींना वेगळं करत राहतात. एकटी कुणीच काही ठरवत नाही.

२००६ साली नॉर्विचच्या जॉन इनस सेंटरमध्ये सिल्विया कोस्टा आणि पीटर शॉ यांनी या पेशींच्या केंद्रकांत थेट डोकावून बघितलं. मूळ अख्खं ठेवून, अंगठा न दाबता. ग्लॅब्रा-२ च्या जागेला जाऊन चिकटेल असा चमकणारा तुकडा त्यांनी आत सोडला. वेढा सैल असेल तर तुकडा पोचणार आणि ठिपका दिसणार, घट्ट असेल तर नाही. अपेक्षेप्रमाणे बिनकेसांच्या रांगांमध्ये ठिपके दिसले, केसाळ रांगांमध्ये नाही. इतक्यावर थांबले असते तरी शोधनिबंध झाला असता. पण कधी कधी त्वचेची एखादी पेशी उभी दुभंगते आणि तिच्या दोन लेकींपैकी एक ढकलली जाऊन शेजारच्या रांगेच्या जागेवर येऊन पडते. जन्म सांध्यावरचा, मुक्काम पाठीवर. अशा लेकींच्या केंद्रकात त्यांना काय दिसलं? नव्या जागेला शोभेल तसाच वेढा. आईचा नाही. विभाजनाच्या वेळी जुनी मांडणी मोडते, आणि विभाजन आटोपून पेशी पुन्हा स्थिरावते तेव्हा आजूबाजूला बघून नवी मांडणी होते. आई ज्या रांगेत होती ती रांग लेकीला बांधून ठेवत नाही. प्रत्येक विभाजनानंतर विचारलं जातं, तू आता कुठे आहेस?

हे वाचून मला जरा हादरायलाच झालं. कारण एपिजेनेटिक्सची जी गोष्ट आपल्यापर्यंत येते ती आठवणीची असते. खूण लागली, टिकली, पुढे गेली. आजीने सोसलेलं नातीच्या पेशींत उतरलं. त्यात तथ्याचा काही अंश असेलही, पण माणसांच्या बाबतीत ही गोष्ट इतक्या सैल हाताने सांगितली जाते की आता कुणी चहा घेता घेता "ते एपिजेनेटिक असतं गं" म्हणालं की मी विषय बदलते. वनस्पतींमध्ये खुणा पिढ्यानपिढ्या जातात, याला मात्र भक्कम पुरावा आहे. लिनेयसने १७४४ साली ज्या विचित्र, चहूबाजूंनी सारख्या फुलाचं वर्णन केलं होतं, तसल्या लिनारियाच्या झाडांत डीएनएची अक्षरं तीच आणि एका जनुकावर मेथिल गटांचा थर, असं १९९९ साली दिसून आलं. तेव्हा आठवण खोटी नाही. पण मुळाच्या त्वचेत खुणा अगदी वेगळ्या स्वभावाच्या निघाल्या. तिथे त्यांची मातब्बरी टिकण्यात नाही, पुसल्या जाण्यात आहे. बीजिंगमधल्या एका गटाने २००५ साली रोपांना ट्रायकोस्टॅटिन-ए दिलं. हे रसायन हिस्टोनांवरचे ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना अडवतं. औषध पोटात जाताच जिथे केस यायला नकोत अशा, पाठीवर बसलेल्या पेशींनाही केस यायला लागले. पेशी होती तिथेच होती, शेजारही तोच होता. ऐकण्याची सोय तेवढी बिघडवली होती.

इथवर गोष्ट माझ्या मनासारखी चालली होती. शेजार सगळं ठरवतो, पेशी ऐकते, खुणा म्हणजे ऐकलेल्याची तात्पुरती नोंद. असं काही हाती लागलं की आपण ते लगेच आयुष्याला लावून बघतो. मीही बघितलं. जागा बदलल्यावर बदललेली माणसं, न बदललेली माणसं, सगळी डोळ्यांपुढून गेली. मग सोडून दिलं. पेशीला जागा बदलायची मुभाच नसते, ती चारही बाजूंनी भिंतीत चिणलेली असते. ढकलली गेली तर गेली. तिच्याकडून माणसांबद्दल काही शिकायला जाणं म्हणजे तिच्यावर अन्यायच.

शिवाय पुढे एक अडचण उभी राहिली.

केस काढून झाल्यावर ती पेशी पुन्हा विभागत नाही. विभागत नाही म्हणजे कोस्टा-शॉ यांनी दाखवलेली ती पुन्हा विचारणा होत नाही. ती आता केसाची पेशी, काही दिवस पाणी आणि क्षार ओढणार आणि संपणार. तिला आठवणीची गरज काय? एखादी गोष्ट होऊन गेली की ती तशी राहते, तिला राखावं लागत नाही, असं आपण धरून चालतो. जपानमधल्या योकोहामाच्या रिकेन संस्थेत मोमोको इकेउची आणि केइको सुगिमोतो यांच्या गटाने २०१५ साली अशी रोपं तपासली ज्यांच्यात पीआरसी-२ नावाचा प्रथिनांचा संच निकामी होता. या संचाचं काम म्हणजे एच-३ या हिस्टोनच्या शेपटीत सत्ताविसाव्या ठिकाणी तीन मेथिल गट लावणं. ही बंद ठेवण्याची खूण. तो मूळचा सापडला फळमाशीत, वनस्पतींमध्येही तोच निघाला. या रोपांमध्ये मुळाचे केस सुरुवातीला अगदी व्यवस्थित आले. जागा बरोबर, आकार बरोबर. मग काही दिवसांनी त्या पूर्ण वाढलेल्या केसांच्या आत भिंती पडायला लागल्या. नळीची पेशी विभागायला लागली. एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि केसाच्या जागी पेशींचा बेढब गोळा. काही गोळ्यांमधून तर गर्भासारखे आकार निघाले, बीमध्ये असतात तसले.

मी त्या लेखातली छायाचित्रं पुन्हा पुन्हा बघितली आहेत. सरळ, सडपातळ केस, आणि त्याच्या बुडाशी फुगलेला, आडव्यातिडव्या भिंतींनी भरलेला भाग. बघताना सुरुवातीला किळस वाटते, गाठ बघितल्यावर वाटते तशी. मग त्या किळसेत हळूहळू दुसरंच काही मिसळतं. या पेशीला तिची जागा कळली होती. शेजारणींनी सांगितलं ते तिने ऐकलं, त्याप्रमाणे केसही काढला. शेजार अजूनही तसाच आहे, कुणी मेलेलं नाही, कुणी हललेलं नाही. तरीही ती विसरली. कारण आत बंद ठेवायची पानं बंद ठेवणारं कुणी उरलं नाही. खुणा एकदा लावल्या की राहतात असंही नसतं. त्या पुसणारी विकरंही पेशीत असतात, हिस्टोनही बदलत राहतात. बंद ठेवणं हे चालू काम आहे. ज्या पेशीने आयुष्यात आणखी काहीच नवं करायचं नाही, तीसुद्धा गर्भ न होण्यासाठी सतत राबत असते.

वॉडिंग्टन यांनी १९५७ साली एक चित्र दिलं होतं, पुढे ते पाठ्यपुस्तकांत अजरामर झालं. उतारावरून गडगडत येणारा चेंडू, वाटेत फुटत जाणाऱ्या दऱ्या, आणि शेवटी चेंडू एका दरीत स्थिरावतो, ते पेशीचं भवितव्य. प्राण्यांसाठी ते चित्र बरंच खपून जातं. मुळाच्या केसाकडे बघितलं की वाटतं, दरी अशी काही नाहीच. सपाटीवर कुणीतरी चेंडू हाताने धरून ठेवलाय, आणि हात काढला की तो परत वर चढायला मोकळा.

तो वर चढू शकतो हे फार आधीपासून माहीत आहे म्हणा. कॉर्नेल विद्यापीठात एफ. सी. स्टीवर्ड यांनी गाजराच्या मुळातले बारीक तुकडे घेतले, अन्नरस वाहून नेणाऱ्या भागातले, म्हणजे चांगल्या कामाला लागलेल्या पेशींचे. ते फिरत्या भांड्यांत, नारळाचं पाणी घातलेल्या द्रवात वाढवले. नारळाचं पाणी हे नारळाच्या गर्भाला पोसणारं द्रव्य, त्यात पेशींना विभागायला लावणारी संप्रेरकं असतात. तुकड्यांमधून सुट्या पेशी निघाल्या, सुट्या पेशींचे पुंजके झाले, पुंजक्यांतून मुळं फुटली, मग कोंब, आणि १९५८ साली त्यांनी जाहीर केलं ते अशा पेशींपासून वाढलेल्या अख्ख्या गाजराच्या झाडाबद्दल. या प्रयोगाबद्दल सांगताना सहसा सगळा भर "एका पेशीत अख्खं झाड दडलेलं असतं" यावर असतो. ते खरंच आहे. पण मला त्यात सुटं होण्याकडे बघावंसं वाटतं. शेजारणींपासून तुटल्यावर, इकडून तिकडून येणारा निरोप थांबल्यावर, गाजराच्या त्या पेशीला आपण कोण हे सांगणारं कुणीच नव्हतं. नारळाच्या पाण्याने तिला ढोसलं असेल, पण आधी ती एकटी पडली होती.

मुळाच्या टोकाशी याच्या अगदी उलट बेत असतो. ॲराबिडॉप्सिसमध्ये मधोमध जेमतेम चार पेशी, फार क्वचित विभागणाऱ्या. मक्याच्या मुळात त्या शेकडोंनी असतात. ऑक्सफर्डच्या फ्रेडरिक क्लोज यांना १९५०च्या दशकात किरणोत्सारी खुणा वापरून दिसलं की सगळीकडे लगबग चाललेली असताना मधला एक भाग नवा डीएनए जवळपास बनवतच नाही. त्याला शांत केंद्र म्हणतात. त्याचं काम म्हणजे आपल्याला चिकटलेल्या शेजारणींना मोठं होऊ न देणं. इथेही निरोप जातो आणि खुणा बदलतात. शांत केंद्रातून वॉक्स-५ हे प्रथिन मूलटोपाच्या मूळपेशीत उतरतं आणि तिथल्या एका जनुकावरचे ॲसिटिल गट काढणाऱ्या विकराला तिथवर घेऊन येतं. ते जनुक बंद राहिलं की मूळपेशी मूळपेशी राहते. केंद्रापासून एक पेशी दूर गेली की निरोप पोचत नाही, आणि ती मूलटोपाची साधी पेशी होते. स्टार्चचे जड कण अंगात भरून घेते, त्या कणांच्या पडण्यावरून खाली कुठे ते ओळखते, मुळाला वळायला सांगते, आणि काही दिवसांत घासून गळून जाते.

गळून जाणाऱ्या या पेशींबद्दल २०१६ साली एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. मुळाच्या वेगवेगळ्या पेशींमधल्या डीएनएवरचे मेथिल गट मोजले तेव्हा सगळ्यात दाट निघाले ते मूलटोपाच्या मधल्या भागात. जी पेशी पुढे काहीच मागे ठेवणार नाही, जिच्या लेकी नाहीत, तिच्याच जनुकसंचावर सर्वात जास्त खुणा. कशासाठी? एक तर्क असा की तिथे तयार होणारे बारीक आरएनए शेजारच्या मूळपेशींमध्ये जाऊन त्यांच्यातल्या उपद्रवी, उड्या मारणाऱ्या जनुकांना दाबून ठेवत असावेत. परागकणात असाच काहीसा प्रकार चालतो असं मानतात. मला हा तर्क पटावासा वाटतो, आणि नेमक्या त्याच कारणाने मी त्याच्यापासून दोन पावलं लांब राहते. गळून जाणारीने मागच्यांची राखण करावी, हे जरा जास्तच गोड आहे.

मैत्रिणीला यातलं बरंचसं तुकड्या तुकड्याने सांगून झालं आहे. तिचं म्हणणं की मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवते. शेजारणीचं ऐकून केस येणं ही एक, आणि आलेला केस टिकवणं ही दुसरी. पहिलीत खुणा ऐकल्याप्रमाणे बदलतात, दुसरीत खुणा ऐकूच येऊ देत नाहीत. मग दोन्हींना एकच नाव का? मी तिला म्हटलं, यंत्रणा त्याच कुळातल्या आहेत, तीच रिळं, त्याच शेपट्या. ती म्हणाली, हत्यार तेच असलं म्हणून काम तेच होतं का? यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण ते अर्धंच. लेझरने मारलेल्या पेशीची जागा घेणारी पेशी तरुण होती, अजून विभागणारी. तिच्यासाठी शेजार पुरेसा ठरला. योकोहामाचा केस पूर्ण वाढलेला होता, त्याला शेजार पुरला नाही. बहुधा मूळ टोकापासून मागे सरकतं तसा ऐकण्याचा भाग कमी आणि धरून ठेवण्याचा भाग जास्त होत जातो. पण हे दोन्ही नेमकं कुठल्या मिलिमीटरवर एकमेकांना भेटतात, आणि तिथल्या पेशीत त्या वेळी कुणाचं चालतं, हे मला बघायचं आहे. २००९ साली मुळाची टोकं कापून बघणाऱ्या प्रयोगात दिसलं होतं की अगदी टोकाजवळ कापलं तर नवं टोक घडतं, जरा मागे कापलं की ती ताकद झपाट्याने ओसरते. म्हणजे सीमा आहे आणि ती टोकाच्या फार जवळ आहे. माझा कल अजून शेजारणींकडेच आहे. त्या केसांच्या छायाचित्रांनी तो पहिल्याइतका ठाम ठेवलेला नाही, एवढं मात्र मैत्रिणीपाशी कबूल करून झालंय.